आकडा कशानं वाढला

डहाणू
४ नोव्हेंबर २०२५

ती. यमुनाताई,
सा. नमस्कार.

फोन असताना हिला पत्र लिहायची काय हौस, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या फोनचा स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की दर्शन शेजारी येऊन बसतो. त्याच्या कानावर जाऊ नये असं काही विचारायचं आहे. आमच्या शेजारच्या दक्षा मॅडम रोज वेवजीच्या शाळेत शिकवायला येतात, त्यांच्या हाती हे पाठवते. उत्तरही त्यांच्याकडेच द्या.

दर्शनच्या रक्ताचा रिपोर्ट आला. अंगात साठलेल्या लोहाचा जो आकडा असतो, ते फेरिटिन म्हणतात तो, सहा महिने हळूहळू उतरत होता. एकोणतीसशेवरून एकवीसशेवर आला होता. आता एकदम चौतीसशे. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न केला, "घरी काही वेगळं सुरू आहे का?"

थॅलेसेमियामुळे त्याला तेरा वर्षं दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागलं, हे तुम्ही पाहिलंय. त्या प्रत्येक पिशवीबरोबर लोह आत गेलं आणि आतच राहिलं. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. यकृतात, हृदयात जाऊन बसतं. गेल्या वर्षी बहिणीची, आपल्या रुचिताची, अस्थिमज्जा त्याला दिली, तेव्हापासून त्याचं रक्त त्याच्याच अंगात तयार होतं. पण आधीचं लोह कुठे जाणार? म्हणून ती पाण्यात विरघळवायची गोळी, आणि म्हणूनच दर महिन्याला त्याचं थोडं रक्त काढतात. नवं रक्त बनवताना शरीर साठ्यातलं लोह वापरतं.

दसऱ्यानंतर आमच्या रेल्वे क्वार्टरचं छत फोडायला घेतलं. सिमेंटच्या धुळीत त्याला ठेवू नका असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तो तुमच्याकडे आला. आणि तुमच्याकडे आल्यापासूनच आकडा चढला. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. पण विचारायला हवं. भाजी लोखंडी कढईत होते का? नागलीची भाकर, शेवग्याचा पाला, गूळ, कुणी दिलेलं चाटण, एखादं टॉनिक? मायेनं माणूस देतो. हात जोडून विचारते, खरं ते सांगा.

गोळी सकाळी उपाशीपोटी, तुमच्यासमोर. घोलवडचे चिकू पाठवलेत, साल काढून द्या.

अदिती


वेवजी
६ नोव्हेंबर

चि. अदिती,
आशीर्वाद.

"आरोप म्हणून लिहीत नाही" असं लिहून पुढे सगळे आरोप ओळीनं मांडलेस. ऑफिसात काम करणाऱ्या बाईला हे बरं जमतं.

लोखंडी कढई मी दर्शन यायच्या आदल्या दिवशीच माळ्यावर टाकली. तुझे भाऊजी अजून कुरकुरतात, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात वालाला चव येत नाही म्हणून. नागली आम्ही दोघं खातो, त्याला भात. गूळ त्याच्या हाताला लागत नाही. गोळी मी स्वतः ढवळते. तळाशी गाळ राहतो त्यात परत पाणी घालून तोही पाजते. तो तोंड वाकडं करतो, मी तिकडे बघत नाही. झोपताना आल्याचा काढा देते तेवढाच, तोही गूळ नको म्हणून साखर घालून. झालं समाधान?

आता मी विचारते. तेरा वर्षं माझा भाऊ शैलेश रक्तासाठी दारोदार फिरला. आमच्या गावात शिबिर घेतलं तेव्हा शेजारचा हाल्या लावणीचा चिखल पायावर घेऊन रांगेत उभा होता. तुझ्या भाऊजींनी चारदा दिलं. असं जमवून जमवून ज्याला जगवलं, त्याच्याच अंगातलं रक्त आता पिशवी लावून काढायचं आणि फेकायचं? कोण फेकतं? कुठे? तू बघितलंस? इकडे माणसं म्हणतात, रक्ताला भाव असतो. डॉक्टर म्हणाले की तुम्ही दोघं माना डोलावता. मी विचारलं की मी अडाणी.

आणि शैलेश त्या दिवशी रक्त तपासून त्याला सोडायला आला तो उंबऱ्यावरूनच परत गेला. चहासुद्धा नको म्हणाला. तुम्ही दोघं माझ्यापासून काही लपवताय का?

पोर मजेत आहे. तोंडावर तुकतुकी आली आहे. भाताची झोडणी चालू आहे, खळ्यावर सगळ्यांत मिसळून हसतो-खेळतो. तुमच्या चार भिंतींत मी त्याला इतका हसलेला पाहिला नव्हता.

यमुना


डहाणू
१० नोव्हेंबर

यमुनाताई,

काढा. त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आलं आणि साखर एवढंच असतं त्यात, की आणखी कसली मुळी, कसला पाला उकळता? कुणी सांगितलाय तो?

दुसरं. भाऊबीजेला आम्ही आलो होतो तेव्हा रुचिताला तुमच्या फळीवर लाल औषधाची बाटली दिसली होती. मला ती हे काल बोलली. बाटलीवर लोहाचं टॉनिक असं लिहिलं होतं म्हणे. तुमच्या घरात ते कुणासाठी?

रक्त कुठे जातं ते मी बघितलंय. निलम सिस्टर पिशवीला गाठ मारतात, पिवळ्या थैलीत टाकतात, आणि त्या थैल्या जाळायला जातात. पहिल्या वेळी माझ्याही मनात तेच आलं होतं जे तुमच्या मनात आहे. मी त्या थैल्यांच्या ढकलगाडीमागे लिफ्टपर्यंत गेले होते. वॉचमननं हटकलं. म्हणजे संशय घ्यायला मला कुणी शिकवायला नको.

खोटं लिहीत नाही, ताई. रुचिताची मज्जा घ्यायचं ठरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीच्या हाडातलं काढून पोराला? उद्या तिला कोण करून घेईल?" आणि नंतर महिनाभर हॉस्पिटलची पायरी चढला नाहीत. ज्या डॉक्टरांवर तुमचा कधी विश्वास नव्हता, त्यांचं सांगणं तुम्ही माझ्या पाठीमागे अक्षरशः पाळत असाल हे मी कशावरून मानू?

रविवारी शैलेश त्याला न्यायला येईल. मी इथे डहाणूत कुठेतरी खोली बघते.

अदिती


वेवजी
११ नोव्हेंबर

अदिती,

बाटली माझी आहे. मला चार पावलं चढावर चालले की दम लागतो म्हणून आरोग्य केंद्रातल्या बाईंनी दिली. हे मी यांनाही सांगितलं नव्हतं. आता तू पोरीकडून माझी फळी तपासून घेतलीस, तेव्हा सांगते. बाटली पेटीत कुलूप लावून ठेवली आहे. चावी हवी असेल तर दक्षा मॅडमकडे देते.

रुचितासाठी बोलले, होय. तुम्ही सगळे दर्शनभोवती होतात. त्या पोरीला कुणी विचारत नव्हतं, बाय, तुझं दुखतंय का. मी विचारलं, ते माझ्या बोलण्याच्या पद्धतीनं विचारलं. ते तू आजवर जपून ठेवलंस.

काढ्यात आलं, तुळस आणि साखर. चौथं काही नाही.

घेऊन जा. पण त्याला तूच सांग. काल मला म्हणाला, "आत्या, मला परत हॉस्पिटलच्या त्या काचेच्या खोलीत नाही ना नेणार?" मी म्हटलं, "कोण नेतंय तुला?" आता माझा शब्द खोटा पडेल, पडू दे.

झोडणी अर्धी राहिली आहे. जास्त लिहायला वेळ नाही.

यमुना


मुंबई
२२ नोव्हेंबर

यमुनाताई,

शैलेश कपडे आणायला आज डहाणूला जातोय, त्याच्याकडे हे देते.

त्या गुरुवारी सकाळी तुमचा फोन आला, "अंग भट्टीसारखं तापलंय, मी जीप करून निघाले आहे." तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन डहाणूपर्यंत आलात. अ‍ॅम्ब्युलन्सच्या दाराशी तुम्ही उभ्या होतात आणि मी तुमच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघितलं असतं तर माझ्या तोंडून काहीतरी भयंकर निघालं असतं. मला खात्री होती, यांनीच काहीतरी पाजलंय.

काल त्याचा ऑक्सिजन काढला. तो धोक्यातून बाहेर आहे असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, पण आज त्यानं मोबाइल मागितला.

त्याच्या छातीत बुरशीचा संसर्ग झालाय. ओलसर पेंढ्यावर बुरशी धरते, झोडताना धूळ उडते, तिच्याबरोबर ती छातीत जाते. तुम्हाआम्हाला काही होत नाही. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू असलेल्याला होतं. त्यात अंगात लोहाचा साठा असला तर बुरशीला खतच मिळतं. सिमेंटची धूळ नको म्हणून आम्ही त्याला उचलून खळ्याच्या धुळीत ठेवलं. पेंढ्याचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलं होतंत, तो खळ्यावर खेळतो म्हणून. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. मी बाटली शोधत होते.

मी डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, लोहाचा आकडा कशानं वाढला? कुणी काही खायला घातलं असेल का?"

त्या म्हणाल्या, "फेरिटिन नुसत्या लोहानं वाढत नाही. अंगात कुठे संसर्ग असला तरी चढतं. एमआरआय केलाय आपण. यकृतातलं लोह गेल्या वर्षीपेक्षा कमीच आहे. म्हणजे गोळी नीट पोटात जात होती."

"मग तुम्ही फोनवर का विचारलंत, घरी काही वेगळं सुरू आहे का?"

"ताप, खोकला, एखादं नवीन औषध. त्यासाठी विचारलं होतं."

त्यांनी 'काय' विचारलं होतं, ताई. मी 'कोण' ऐकलं.

आता मला एका गोष्टीचं उत्तर हवं आहे, आणि डॉक्टरांनाही हवं आहे, कारण औषध किती लांबवायचं ते त्यावर ठरेल. त्याला खोकला कधीपासून होता? दर्शन म्हणतो दोन दिवस. मला ते पटत नाही. मी तुम्हाला काढ्यात काय घालता ते विचारलं. काढा कशासाठी देता, हे विचारलंच नाही. तो कशासाठी होता?

अदिती


वेवजी
२४ नोव्हेंबर

अदिती,

डॉक्टरांना सांग, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी नुसता घसा खवखवायचा, मग कोरडा खोकला. पहिला आठवडा दिवसा नसायचाच, पडल्यावर यायचा. ताप मला त्या गुरुवारीच लागला, पण त्याच्या आधी दोन दिवस तो जेवणावरून उठत होता. हे मी आठवून आठवून लिहिते आहे, यात कमीजास्त नाही.

काढा खोकल्यासाठीच होता.

तुला सांगायचं मी ठरवलं होतं. दोन दिवसांनी थांबला नाही तर फोन करायचा, असं. दर्शन माझ्या मागे लागला होता, "आत्या, आईला नको सांगू, ती लगेच काचेच्या खोलीत टाकेल." मी त्याला म्हटलं, सांगावं तर लागेल. आणि त्याच दिवशी दक्षा मॅडम तुझं पहिलं पत्र घेऊन दारात आल्या.

ते वाचलं. वाटलं, आता खोकल्याचं सांगितलं तर ही म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं? उत्तर लिहायला बसले तेव्हा खोकल्याचं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. मग कागदच बदलला, खोडलेलं तुला दिसेल म्हणून. आणि वर लिहिलं, तोंडावर तुकतुकी आहे. ती तुकतुकी तापाची असेल, हे आता कळतंय.

तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर तर मी अडूनच बसले. मनात म्हटलं, रविवारी नेणारच आहेत, बघून घेतील त्यांचं ते. पोटच्या पोरासारखा मानते म्हणते मी त्याला, आणि असं म्हटलं.

हे वाचून तुला मला काय बोलायचं ते बोल. फक्त तो कसा आहे ते कळव. यांनी झोडणी थांबवली आहे. खळ्याकडे बघवत नाही म्हणतात.

यमुना


डहाणू
९ डिसेंबर

यमुनाताई,
नमस्कार.

काल दर्शनला सोडलं. ऑफिसच्या जमना शिपाईबाईंच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत, तिथे आहोत. औषध अजून बरेच महिने घ्यायचं आहे. तो चालतो, पण जिन्यावर थांबतो. तुमचं पत्र मी डॉक्टरांना तसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढं नीट कुणी सांगत नाही.

पण मला तुमचा राग आला, ताई. तो मी गिळून लिहिणार नाही. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी शैलेशला म्हटलं, परत माझ्यासमोर तिचं नाव काढू नकोस. तो उठून दाराकडे निघाला. मला संशय आला. मी म्हटलं, "तुला काही माहीत होतं का?" तेव्हा बोलला. रक्त तपासायला त्याला मोटरसायकलवरून डहाणूला आणलं, त्या वेळी दर्शन मास्कच्या आत खोकला होता. शैलेशनं विचारलं, त्यानं सांगितलं धूळ गेली. शैलेशनं ते मान्य केलं, कारण ते मान्य करणं सोपं होतं. त्या दिवशी तो तुमच्याकडे चहाला थांबला नाही तो त्यामुळेच. थांबला असता तर परत खोकला ऐकावा लागला असता.

म्हणजे मुलानं लपवलं, बापानं लपवलं, आत्यानं लपवलं. सगळ्यांनी माझ्यापासून. दोन-तीन दिवस मी हेच घोकत होते की सगळे कसे फसवे निघाले. मग भांडी घासताना मनात आलं, तीन माणसं एकाच बाईपासून लपवतात, तर त्या बाईचंही काही असेल.

मला माणसांवर विश्वास टाकता येत नाही. तेरा वर्षं पिशवीवरचा गट मी स्वतः वाचल्याशिवाय नळी लावू दिली नाही. एकदा खरोखर चुकीची पिशवी आली होती, मी थांबवली. तेव्हापासून मी सगळ्यांनाच तसं बघते. ते जाणार नाही, मी ते ओळखून आहे. तुम्ही मात्र एवढं करा: मी संशय घेतला तरी सांगा. भांडा माझ्याशी, पण सांगा.

आणि तुमची ती बाटली. चिडू नका. डॉक्टर म्हणाल्या, मुलाला हा आजार होता म्हणजे शैलेशमध्ये त्याचा अंश आहे, तर त्याच्या बहिणीतही असू शकतो. तसं असेल तर दम लोहाच्या कमतरतेनं लागत नसेल. रक्त तपासेपर्यंत टॉनिक घेऊ नका. दक्षा मॅडमबरोबर या, मी घेऊन जाईन.

अदिती


वेवजी
२९ जानेवारी २०२६

चि. अदिती,
आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसात सव्वीस जानेवारीनंतरची तपासणी आली आणि तू येऊ शकली नाहीस, म्हणून काल शैलेशबरोबर मी मुंबईला गेले ते बरं झालं. मला जे बघायचं होतं ते बघितलं. माझ्या रक्ताचा रिपोर्ट तुझ्याकडे आहेच; तू म्हणालीस तसाच अंश माझ्यातही निघाला. बाटली मी आरोग्य केंद्रात परत दिली.

निलम सिस्टरनं सुई लावली आणि पिशवी भरायला लागली तेव्हा मी पुढे झाले. मी म्हटलं, "सिस्टर, हे कुणाला चालणार नाही का?"

ती म्हणाली, "नाही मावशी. एवढ्या औषधांवरच्या मुलाचं रक्त दुसऱ्याला कसं देणार?"

"मग मला दाखव, कुठे टाकतेस ते."

ती हसली. "याची आई पण मागे आली होती." मला म्हणाली, या. पिवळ्या थैलीत टाकलं, वर शिक्का मारला, खाली खोलीपर्यंत मला नेलं. कुलपाचं दार आहे. पुढे गाडी येते म्हणाली. गाडी मी बघितली नाही, तेवढं राहिलं.

परत आले तर दर्शन म्हणतो, "आत्या, एवढं काय? हाल्याकाकांचं, काकांचं, कुणाकुणाचं लोखंड आहे ते. त्यांचं काम झालं." मला बरं वाटलं नाही ते ऐकून, पण तो हसत होता.

डॉक्टरांनी छाती तपासली, स्वच्छ आहे म्हणाल्या. तुझ्या दोन खोल्यांत रुचिताचा अभ्यास होत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे तिची परीक्षा होईपर्यंत तो माझ्याकडे राहील. पेंढ्याची उडवी आम्ही घराजवळून हलवून हाल्याच्या शेतापलीकडे नेली आहे. अंगण शेणानं न सारवता नुसतं पाणी मारते. शैलेश आम्हाला जीपनं सोडून आज सकाळीच ड्युटीवर गेला. या वेळी चहा घेऊन गेला.

यमुना

पत्राची घडी घातली होती, ती परत उघडली.

काल हॉस्पिटलचा जिना उतरताना दर्शनला चक्कर आली. त्यानं माझा हात घट्ट धरला, ओठ पांढरे झाले होते. खाली बसवलं, पाणी दिलं. शैलेश म्हणाला, "ताई, अदितीला सांगू नकोस हं, उगाच उद्या ऑफिस सोडून धावत येईल." दर्शन म्हणाला, "आत्या, प्लीज." मी काही बोलले नाही. दोघांना वाटलं, मी हो म्हटलं.

मी परत वर जाऊन निलम सिस्टरला सांगितलं. तिनं येऊन नाडी बघितली, म्हणाली, रक्त काढल्यावर कधीकधी होतं, जिना नको, लिफ्टनं जा, पुढच्या वेळी काढल्यावर थोडा वेळ झोपवून ठेवू. आज सकाळी बरा आहे. तांदळाची भाकर आणि वालाची उसळ जेवला. खोकला नाही. ताप आत्ता लिहितानाच मोजला, नाही. तरी तुला यावंसं वाटलं तर ये, कुणी हसणार नाही.

हे शेवटचं मी दर्शनला वाचून दाखवलं. रागावलाय माझ्यावर. ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसलाय. बसू दे.